मांडीत ‘नस चढते’ तेव्हा : पेटका कसा सोडवायचा आणि तो पेटका नाही हे कसं ओळखायचं

गेल्या रमजानमधली गोष्ट. रात्रीचे दोन वाजले असतील. तरावीह आटोपून घरातले सगळे झोपले होते, सहरीला अजून वेळ होता. तेवढ्यात अम्मींच्या खोलीतून किंकाळी आली. धावत गेलो तर अम्मी पलंगावर अर्धवट उठून बसलेल्या, उजवी मांडी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, चेहरा घामाने डबडबलेला. “नस चढ गई रे, नस चढ गई!” एवढंच त्या म्हणत होत्या. मांडीच्या मागच्या बाजूला हात लावला तर लिंबाएवढा टणक गोळा हाताला लागला.

मग आपल्या घरांत होतं तेच झालं. जितकी माणसं तितके सल्ले. एकजण बाम शोधायला धावला. दुसऱ्याला व्हॉट्सअॅपवर आलेला मेसेज आठवला, म्हणे उजव्या पायाला गोळा आला तर डाव्या कानाखाली बोट दाबायचं. आम्ही स्वतः काय केलं? पायाला आराम मिळावा म्हणून अम्मींचा गुडघा दुमडून छातीकडे आणला. अम्मी आणखी मोठ्याने ओरडल्या.

आम्ही गेली वीसेक वर्षं शाळेत शिकवतो. स्नायू, सांधे, हाडं यांचा धडा दरवर्षी फळ्यावर काढतो. पण घरच्या माणसाच्या मांडीत गोळा आला तेव्हा जे करायला हवं होतं, नेमकं त्याच्या उलट आम्ही केलं. दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी ती चूक समजावून सांगितली. त्यानंतर दोनच महिन्यांत आमच्या खालांच्या मांडीत कळ आली. सगळ्यांना वाटलं हाही पेटकाच. तो नव्हता, आणि ती चूक जिवावर बेतू शकली असती.

म्हणून हा लेख. पहिला भाग अम्मींच्या रात्रीचा, म्हणजे पेटका आला तर काय करायचं. शेवटचा भाग खालांचा, म्हणजे पेटका नसेल तर कसं ओळखायचं. घाईत असाल तर शेवटचा भाग आधी वाचा.

नस खरंच चढते का?

आपल्याकडे याला पेटका म्हणतात, गोळा म्हणतात, विदर्भात वांब म्हणतात आणि आपल्या घरांत ‘नस चढली’ म्हणतात. ‘एका नसेवर दुसरी नस चढली’ असंही सर्रास बोललं जातं. पण शरीरात एक नस दुसरीवर चढून बसत नाही. हाताला जो टणक गोळा लागतो तो स्नायू असतो. तो पूर्ण जोराने आकसलेला असतो आणि सुटायला तयार नसतो.

स्नायूला आकसण्याचा हुकूम मज्जातंतूंकडून येतो. काम झालं की हुकूम थांबतो आणि स्नायू सैल पडतो. पेटक्यात हे हुकूम आपल्या इच्छेशिवाय, थांबल्याशिवाय येत राहतात. पंख्याचं बटण अडकून बसावं तसं. म्हणून ‘सैल सोड, सैल सोड’ असं सांगून उपयोग होत नाही. सोडणं त्या माणसाच्या हातात नसतंच.

पेटका काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत टिकतो. क्वचित दहा मिनिटंही घेतो. तो सुटल्यावर मांडी ठणकत राहते, कधी दिवसभर. हे ठणकणं म्हणजे पुन्हा नस चढली असं नव्हे. व्यायामाची सवय नसताना खूप पळावं आणि दुसऱ्या दिवशी पाय दुखावेत, तसाच हा प्रकार आहे.

मग उपाय कोणता? आकसलेल्या स्नायूला हळूहळू लांब करणं, म्हणजे ताण देणं. स्नायू हाडाला जिथे जोडलेला असतो तिथल्या कंडरेत ताण ओळखणारी एक यंत्रणा असते. ताण वाढला की ती स्नायूला सैल पडण्याचा निरोप देते. अडकलेलं बटण बंद करण्याचा हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे. पण पोटरीपेक्षा मांडीचं प्रकरण थोडं अवघड आहे, कारण मांडीला तीन बाजू आहेत आणि प्रत्येक बाजूचा ताण वेगळा आहे.

आधी बाजू ओळखा, मग ताण द्या

गोळा कुठे आहे ते हाताने चाचपून पाहा. मागे, पुढे की आत?

*मागची बाजू.* इथले तीन स्नायू मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात. ते बसण्याच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जातात. गुडघा दुमडणं हे त्यांचं काम. म्हणजे गुडघा दुमडला की ते आखूड होतात आणि सरळ केला की लांब होतात. अम्मींचा गुडघा आम्ही दुमडला तेव्हा आधीच आकसलेल्या स्नायूला आणखी आखूड व्हायला जागा दिली. तीच आमची चूक.

इथे गुडघा सरळ करायचा. माणूस पलंगावर असेल तर त्याला पाठीवर झोपवा. एक हात टाचेखाली आणि दुसरा गुडघ्याच्या थोडा वर ठेवून पाय हळूहळू सरळ करा. सरळ झाला की पायाची बोटं त्याच्याच नाकाच्या दिशेने वळवा. सोसवत असेल तर सरळ पाय तसाच थोडा वर उचला. झटका द्यायचा नाही. एकटे असाल तर पलंगाच्या काठावर बसा, टाच जमिनीवर टेकवून पाय पुढे सरळ करा आणि पाठ ताठ ठेवून कमरेतून पुढे झुका. रुकूमध्ये गुडघे सरळ ठेवून झुकल्यावर मांडीच्या मागे जी ओढ बसते, तीच ओढ इथे हवी आहे. ती लक्षात ठेवली की वेगळं चित्र पाहायची गरज पडत नाही.

*पुढची बाजू.* हे क्वाड्रिसेप्स, चार स्नायूंचा समूह. यांचं काम उलट आहे, ते गुडघा सरळ करतात. म्हणून इथे गुडघा दुमडायचा. भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहा, दुखऱ्या पायाचा घोटा मागून धरा आणि टाच नितंबाकडे आणा. गुडघा जमिनीकडे राहू द्या. वयस्कर माणसाला एका पायावर उभं करू नका, पडण्याची भीती असते. त्यांना पोटावर झोपवून गुडघा हळूच दुमडा. पोटावर झोपता येत नसेल तर कुशीवर.

*आतली बाजू.* दोन्ही मांड्या जवळ आणणारे हे स्नायू. इथे पाय बाहेरच्या दिशेने न्यायचा. बसून दोन्ही तळवे एकमेकांना जोडा आणि गुडघे दोन्ही बाजूंना खाली जाऊ द्या. किंवा उभे राहून पाय फाकवा आणि ज्या बाजूला गोळा नाही त्या गुडघ्यात वाकून वजन तिकडे न्या, गोळ्याचा पाय सरळ राहू द्या.

ताण अर्धा ते एक मिनिट धरून ठेवा. गोळा विरघळतोय असं हाताला जाणवेल. लगेच सोडू नका, लगेच सोडलं तर तो पुन्हा येतो. ताण देताना दुसऱ्या हाताने गोळ्यावरून सावकाश चोळलं तरी चालतं. आणखी एक युक्ती : गोळा मागच्या बाजूला असेल तर पुढची मांडी मुद्दाम घट्ट करा, गुडघ्याची वाटी वर ओढल्यासारखी. समोरचा स्नायू काम करू लागला की मागच्याला सैल पडण्याचा निरोप जातो.

गोळा सुटला की चार पावलं चाला. मग गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर पिशवी आधी दुसऱ्याने स्वतःच्या हाताला लावून पाहावी, नाहीतर चटका बसतो आणि कळत नाही. दुसऱ्या दिवशी ठणका राहिला तर शेक घ्या, हलकं चालणं चालू ठेवा. दणकून मालीश करू नका, पायाने तुडवून घेऊ नका.

मग हा गोळा येतोच कशाला?

खरं सांगायचं तर पुष्कळांच्या बाबतीत एक ठाम कारण सापडत नाही. वय वाढलं की पेटके वाढतात, एवढं दिसतं. पण काही गोष्टी त्यांना निमंत्रण देतात आणि त्या आपल्या रोजच्या जगण्यातल्याच आहेत.

पहिली गोष्ट थकवा. स्नायूला सवयीपेक्षा जास्त राबवलं की त्याचे मज्जातंतू चिडचिडे होतात. यंत्रमागावर बारा तास उभं राहणारा कारागीर, लग्नघरात दिवसभर उकिडवं बसून भांडी घासणारी बाई, आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम क्रिकेट खेळणारा तरुण, तिघांनाही मांडीत गोळा येऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेत लांब पल्ल्याच्या धावपटूंची तपासणी झाली, तेव्हा ज्यांना पेटके आले आणि ज्यांना आले नाहीत, त्यांच्या रक्तातल्या क्षारांत म्हणावा असा फरक आढळला नाही. म्हणून व्यायामातल्या पेटक्यामागे थकवा हे मोठं कारण मानलं जातं.

दुसरी गोष्ट आखडलेली स्थिती. जो स्नायू आधीच आखूड अवस्थेत आहे तो थोड्याशा हालचालीनेही पेटका धरतो. गुडघे पोटाशी घेऊन झोपणाऱ्यांना म्हणूनच पहाटे गोळा येतो. नमाजमध्ये कायद्याच्या बैठकीत गुडघा पूर्ण दुमडलेला असतो, त्यामुळे मांडीच्या मागे तिथेही गोळा येतो. असं वारंवार होत असेल तर ओढूनताणून त्याच बैठकीत बसण्याचा अट्टहास कशाला? आजारी माणसाला बसून, खुर्चीवर नमाज पढण्याची सवलत आहेच. अम्मींना हे पटवायला आम्हाला पंधरा दिवस लागले. शेवटी मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांनी सांगितलं तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या.

तिसरी गोष्ट पाणी आणि मीठ. भर उन्हात किंवा भट्टीजवळ काम करताना घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. अशा वेळी नुसतंच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. ब्रिटनमधले शास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन यांनी १९२० च्या दशकात खोल, गरम कोळसा खाणींतल्या मजुरांचे पेटके अभ्यासले, तेव्हा पाण्यात थोडं मीठ घातल्यावर ते कमी झाल्याचं दिसलं. आपल्याकडे बेकरीत, वीटभट्टीवर, स्लॅबच्या कामावर असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. घाम गाळणाऱ्याला मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी नुसत्या पाण्यापेक्षा चांगलं. मात्र रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. पंख्याखाली बसून काम करणाऱ्याला वेगळ्या मिठाची गरज नसते, त्याच्या जेवणात ते पुरेसं असतं.

चौथी गोष्ट औषधं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या (रक्तदाबासाठी आणि पायाच्या सुजेसाठी देतात त्या), कोलेस्ट्रॉलच्या स्टॅटिन गोळ्या, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल, यांच्यामुळे काही जणांना पेटके येतात किंवा स्नायू दुखतात. लेख वाचून गोळी बंद करू नका. गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांना दाखवा आणि ‘ही सुरू केल्यापासून गोळे वाढले’ असं स्पष्ट सांगा. बदल काय करायचा ते तेच ठरवतील.

पाचवी गोष्ट आजार. मधुमेहात मज्जातंतूंना इजा होते, थायरॉइडचं काम मंदावतं, किडनी किंवा लिव्हर कमजोर होतं, तेव्हा पेटके वाढतात. डायलिसिस चालू असताना, विशेषतः शेवटच्या तासात, पायाला गोळे येणं नेहमीचं आहे. तिथल्या टेक्निशियनला लगेच सांगायचं, दात-ओठ खाऊन सोसायचं नाही. गरोदरपणाच्या उत्तरार्धातही पायाला गोळे येतात, बहुतेक पोटरीत, कधी मांडीत. बहुतेकदा ते बाळंतपणानंतर थांबतात.

रमजान आणि उन्हाळा

रोजा असताना पाण्याची सगळी भरपाई इफ्तार ते सहरी एवढ्याच वेळात करायची असते. आपण करतो काय? इफ्तारला एका दमात तीन ग्लास सरबत आणि मग पोट भरलं म्हणून पाणी बंद. सहरीला पुन्हा घाईघाईने दोन ग्लास. त्यापेक्षा पाणी वाटून घ्या. इफ्तारला एक-दोन ग्लास, तरावीहच्या आधी एक, नंतर एक, झोपताना एक, सहरीला एक-दोन. डॉक्टरांनी ज्यांचं पाणी मोजून ठेवलं आहे, त्यांनी मात्र तो हिशेब मोडू नये.

तरावीहमध्ये बराच वेळ उभं राहायचं असतं. अकरा महिने सवय नसलेल्या पायांना पहिल्या आठवड्यात ते जड जातं. रमजानच्या पंधरा दिवस आधीपासून रोज वीस मिनिटं चालायला सुरुवात केली तर पाय तयार होतात. आमच्या घरी यंदा हेच ठरलं आहे.

लघवी वाढवणारी गोळी किंवा मधुमेहाचं औषध चालू असेल तर रमजानच्या आधी डॉक्टरांकडे एक फेरी माराच. गोळीची वेळ आणि मात्रा त्यांनी बदलून द्यायची असते. आपल्या मनाने सकाळची गोळी रात्री ढकलायची नाही. आणि रोजामुळे तब्येत खरंच बिघडत असेल तर आजाऱ्याला दिलेली सवलत घेण्यात कमीपणा नाही.

केळी, मॅग्नेशियम आणि क्विनाईन

‘गोळा आला? केळी खा.’ हे आपण सगळे ऐकतो. केळ्यात पोटॅशियम असतं, एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम, हे खरं. पण पेटका दोन-चार मिनिटांचा, आणि केळं पचून त्यातलं पोटॅशियम रक्तात यायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. तेव्हा केळं फळ म्हणून आवडीने खा, चालू पेटक्याचं औषध म्हणून नव्हे. किडनीच्या रुग्णांनी तर केळी आणि नारळपाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठतं आणि ते हृदयाला घातक ठरतं.

मॅग्नेशियमच्या गोळ्या मेडिकलमध्ये सहज मिळतात. वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२० मध्ये यावरचे प्रयोग तपासले. वयस्कर माणसांना कारण न सापडणारे जे पेटके येतात, त्यांत मॅग्नेशियमचा म्हणावा असा फायदा होण्याची शक्यता कमी, असा निष्कर्ष निघाला. रक्तात मॅग्नेशियम कमी असल्याचं तपासणीत दिसलं तर गोष्ट वेगळी.

क्विनाईनबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. हिवतापाचं हे जुनं औषध पूर्वी पायाच्या गोळ्यांसाठीही दिलं जाई. त्यामुळे रक्तातल्या प्लेटलेट्स धोकादायकरीत्या घटणं, हृदयाचे ठोके बिघडणं असे गंभीर परिणाम काही जणांत दिसले. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००६ मध्ये क्विनाईनच्या विनामान्यता गोळ्यांवर बंदी आणली आणि २०१० मध्ये पायाच्या पेटक्यांसाठी हे औषध वापरू नका असा पुन्हा इशारा दिला. कोणी ‘माझ्या मामूंना याने फरक पडला’ म्हणून दिलं तरी घेऊ नका.

झोपण्याआधीची पाच मिनिटं

मग रोज येणारे गोळे कमी करायला काय करायचं? याचं उत्तर फुकटचं आहे. नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांपुढच्या ८० माणसांवर एक प्रयोग झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांना रात्री पायाला गोळे येत. अर्ध्या लोकांनी सहा आठवडे रोज झोपण्याआधी पोटरी आणि मांडीच्या मागच्या स्नायूंना ताण दिला, बाकीच्यांनी दिला नाही. ताण देणाऱ्यांचे गोळे संख्येनेही कमी झाले आणि त्यांची तीव्रताही घटली.

अम्मींसाठी आम्ही असं बसवलं :

१. पलंगाच्या काठावर बसायचं. एक पाय पुढे सरळ, टाच जमिनीवर, बोटं वर. पाठ ताठ ठेवून कमरेतून पुढे झुकायचं. दहा आकडे मोजायचे. असं तीनदा, मग दुसरा पाय.

२. भिंतीला हात टेकून उभं राहायचं. एक पाय मागे, त्याची टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ. पुढचा गुडघा वाकवायचा. पोटरीला ओढ बसली पाहिजे. दहा आकडे, तीनदा, मग दुसरा पाय.

३. कुशीवर झोपून वरच्या पायाची टाच हळूच मागे नितंबाकडे आणायची. पुढच्या मांडीला ओढ बसते. दहा आकडे, तीनदा. मग कूस बदलून दुसरा पाय.

श्वास रोखायचा नाही. ओढ बसली पाहिजे, कळ निघता कामा नये. गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

सुरुवातीला अम्मी म्हणायच्या, “या वयात आता कसली पीटी?” आम्ही इशाच्या नमाजनंतरची वेळ ठरवली आणि नातवाला त्यांचा ‘सर’ केलं. तो आकडे मोजतो, त्या झुकतात. दीड महिना झाला, रात्रीचे गोळे पूर्ण थांबले नाहीत, पण आठवड्यात तीन-चारदा यायचे ते आता एखाद्या वेळी येतात. आणि आला तरी त्या ओरडत नाहीत, स्वतःच पाय सरळ करतात.

खालांची मांडी : जेव्हा तो पेटका नसतो

आता खालांची गोष्ट. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. बहुतेक वेळ पडूनच असायच्या. एका संध्याकाळी डाव्या मांडीत दुखायला लागलं. ‘नस चढली असेल’ म्हणून बाम लावला. रात्रभर दुखतच राहिलं. सकाळी नस बसवणाऱ्या एका माणसाला बोलावणं गेलं. तो येऊन, तेल गरम करून बसलाही.

खालांची सून घरी शिवणकाम करते. तिला मांडी सुजलेली वाटली. तिने गळ्यातली टेप काढली, दोन्ही मांड्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर मोजल्या. डावी मांडी उजवीपेक्षा दोन इंच जास्त भरली. कातडीही गरम लागत होती. ती म्हणाली, “चाचा, हात लावू नका. आधी डॉक्टर.” नस बसवणारे चाचा नाराज झाले, घरातले मोठेही कुरकुरले. पण ती हटली नाही. दवाखान्यात डॉप्लर सोनोग्राफी झाली. मांडीच्या आतल्या मोठ्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ होती. मालीश केलं असतं तर तिचा तुकडा सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका होता. आज अल्लाहच्या कृपेने खाला ठीक आहेत. काही महिने रक्त पातळ करणारी गोळी घ्यावी लागली, एवढंच.

टेप होती म्हणून नाही, तर सुनेने प्रश्न विचारला म्हणून त्या वाचल्या. तिने काय पाहिलं ते आपणही शिकून ठेवू :

• पेटका अचानक येतो, गोळा हाताला लागतो, ताण दिला की काही मिनिटांत सुटतो. दुखणं तासन्‌तास जसंच्या तसं राहिलं किंवा वाढत गेलं, तर तो पेटका धरू नका.

• एकच पाय सुजला, गरम झाला, लालसर किंवा काळपट पडला, तर मालीश नाही, शेक नाही, त्याच दिवशी डॉक्टर. ऑपरेशन, बाळंतपण, पायाला प्लास्टर, चार तासांहून लांबचा सलग प्रवास, बरेच दिवस अंथरुणात पडून राहणं, कॅन्सरचे उपचार, गर्भनिरोधक गोळ्या, यांपैकी काही असेल तर शंका आणखी वाढते. गरोदर बाईचा एकच पाय सुजला तरी हेच.

• त्याबरोबर दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तर क्षणभरही थांबू नका. १०८ ला फोन करा.

• ठरावीक अंतर चाललं की मांडी किंवा पोटरी दुखते आणि थांबलं की थांबते, असं रोज होत असेल तर पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो. तंबाखू, विडी ओढणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी हे अंगावर काढू नये.

• स्टॅटिन घेणाऱ्याचे किंवा उन्हात अतोनात राबलेल्या माणसाचे स्नायू खूप दुखले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर लगेच दवाखाना. स्नायू तुटून किडनीला इजा होत असल्याची ती खूण असते.

• पायातली ताकद गेली, मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर हे कमरेतल्या मज्जातंतूंचं काम आहे. याला उशीर चालत नाही.

या खुणा नसल्या तरी आठवड्यात अनेकदा गोळे येत असतील, झोप मोडत असेल, हाता-पोटातही येत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. जाताना एका कागदावर लिहून न्या : कोणत्या वेळी येतो, मांडीच्या कोणत्या बाजूला, किती वेळ टिकतो, आदल्या दिवशी काय काम केलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. घरातल्या बायका बहुतेक वेळा ‘होतं असं, जाऊ दे’ म्हणून सांगतच नाहीत. त्यांच्यासाठी हा कागद आपणच लिहावा.

आमच्या वर्गात आता स्नायूंचा धडा आला की आम्ही एका मुलाला बाकावर बसवतो आणि बाकीच्यांना विचारतो, गोळा मागे आला तर गुडघा सरळ की दुमडायचा? सुरुवातीला निम्मा वर्ग ‘दुमडायचा’ म्हणतो, जसं आम्ही केलं होतं. मग त्यांना करून दाखवतो आणि घरी जाऊन दादी-नानीला दाखवायला सांगतो. तुम्हीही आज रात्री इशानंतर पाच मिनिटं काढा, घरातल्या मोठ्यांना बाजूला बसवा आणि एकदा करून पाहा. रात्री दोन वाजता किंकाळी आली तर काय करायचं, हे इन्शाअल्लाह हातांना आधीच माहीत असेल.